मोहम्मडन स्पोर्टिंग हरतो, तेव्हा चुकतं कोण?

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार. कोलकात्याच्या किशोर भारती मैदानावर मोहम्मडन स्पोर्टिंग विरुद्ध हैदराबाद एफसी. लोक अजून जागेवर नीट बसलेही नव्हते, पंधरा मिनिटं होत आली होती आणि स्कोअर होता ० विरुद्ध ३. दुसऱ्या सत्रात चौथाही गोल बसला. घरच्या मैदानावर, आपल्याच माणसांसमोर, चार गोलांनी हार. आणि समोर कोण? मोसमात तोवर एकही सामना न जिंकलेला हैदराबाद.

आमच्यातल्या काहींनी हा सामना मोबाईलवर पाहिला. संपला तसा वाद सुरू झाला. एक म्हणे गोलकीपर बदला. दुसरा म्हणे कीपर काय करणार, समोर बचावफळीच नाही. तिसऱ्याचं म्हणणं, हा रशियन कोचच घालवा. एक बुजुर्ग मात्र शांतपणे म्हणाले, "पैसा नाही रे, बाकी सगळं त्यातूनच येतं." त्या रात्री त्यांचं कुणी ऐकलं नाही. तीन महिन्यांनी सगळ्यांना ते आठवलं.

हा वाद कोलकात्यात चहाच्या टपरीवर होतो तसाच मुंबई, भिवंडी, मालेगावातही होतो. कोल्हापूरच्या वाचकांना तर वेगळं सांगायलाच नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार हरली की त्या पेठेत रात्री काय काय ऐकायला मिळतं, ते त्यांना पाठ आहे. पण मोहम्मडनची गोष्ट जरा निराळी आहे. हा क्लब हरला की लोकांना फक्त एक सामना गेल्याचं वाईट वाटत नाही. म्हणून या पराभवांचा हिशेब जरा नीट मांडावा असं आम्हाला वाटलं.

नाव एवढं मोठं का?

क्लब १८९१ चा. पण त्याचं नाव घरोघरी गेलं ते १९३४ साली. कलकत्ता लीग १८९८ पासून सुरू होती आणि तोपर्यंत ती एकाही भारतीय संघाने जिंकली नव्हती. गोऱ्या पलटणी आणि युरोपियन क्लब, यांच्याबाहेर कप जातच नव्हता. मोहम्मडन दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आला आणि पहिल्याच वर्षी लीग घेऊन गेला. नंतर १९३८ पर्यंत सलग पाच वेळा. १९३६ मध्ये आयएफए शील्डही. १९४० मध्ये दिल्लीत ड्युरंड कपच्या फायनलमध्ये रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. ड्युरंड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ.

त्या काळात अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळायचे. कोरड्या मैदानावर ते जमून जायचं, पण कलकत्त्याच्या पावसाळ्यात चिखलात पाय सटकला की संपलं. मोहम्मडनच्या कारभाऱ्यांनी ओल्या मैदानासाठी बुटांचा आग्रह धरला आणि देशभरातून खेळाडू गोळा केले. म्हणजे त्या पाच लीग नुसत्या जोशावर आल्या नव्हत्या. त्यामागे डोकं होतं, तयारी होती, खर्च होता. याच क्लबचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला जाऊन सेल्टिकसाठी अनवाणी खेळला. तो किस्सा आजही सांगितला जातो, बहुतेक वेळा मीठमसाला लावून.

आपल्या मुंबईचंही यात नातं आहे. कूपरेजवर भरणारा रोव्हर्स कप ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा तो कप जिंकणारा तो पहिला भारतीय संघ होता. १९५६ मध्ये मोहम्मडनने तो कोलकात्याला नेला. मुंबईतल्या जुन्या घरांत "आमच्या अब्बांनी कूपरेजवर मोहम्मडन पाहिला होता" असं सांगणारे अजून भेटतात.

नंतरचा काळ उताराचा. १९८१ नंतर कलकत्ता लीगसाठी चाळीस वर्षं वाट पाहावी लागली. २०१४ मध्ये तर पैशांअभावी सीनियर संघच बंद करायची वेळ आली होती. मग २०२१, २०२२, २०२३ अशा सलग तीन कलकत्ता लीग आल्या. ६ एप्रिल २०२४ रोजी शिलाँग लाजाँगला त्यांच्याच घरी २-१ हरवून क्लबने आय-लीग जिंकली आणि इंडियन सुपर लीगचं दार उघडलं. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तिथे आधीच होते. आता तिसरा भाऊही आला म्हणून लोक रस्त्यावर नाचले.

त्यानंतर सहा महिन्यांत हे ०-४.

पहिल्या सहा सामन्यांचा हिशेब

आता मुद्द्यावर येऊ. ०-४ नंतर सगळे त्या एका सामन्यावर बोलत राहिले. आमचं मत असं, की तो सामना सोडून द्या. असा दिवस कुठल्याही संघाला येतो. खरी गोष्ट त्याआधीच्या पाच सामन्यांत आहे.

१६ सप्टेंबर, नॉर्थईस्ट युनायटेड. पूर्ण वेळ ०-०. इंज्युरी टाइममध्ये मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईने गोल केला आणि हार.

२१ सप्टेंबर, एफसी गोवा. अलेक्सिस गोमेझने पेनल्टीवर क्लबचा आयएसएलमधला पहिला गोल केला. १-० ची आघाडी थेट इंज्युरी टाइमपर्यंत टिकली आणि तिथे आर्मांडो सादिकूने बरोबरी केली.

२६ सप्टेंबर, चेन्नईत जाऊन चेन्नईयनवर १-०. गोल लालरेमसांगा फनाईचा. हा पहिला विजय.

५ ऑक्टोबर, मोहन बागान. पहिल्याच सत्रात तीन गोल खाल्ले, ०-३.

२० ऑक्टोबर, केरळ ब्लास्टर्स. मिर्जालोल कासिमोवच्या पेनल्टीने पुढे. मध्यंतराला १-०. नंतर आठ मिनिटांच्या अंतराने दोन गोल खाऊन १-२.

म्हणजे हैदराबादच्या सामन्यापर्यंत गुण चार. आता बघा. नॉर्थईस्टविरुद्ध शेवटची मिनिटं सांभाळली असती तर एक गुण. गोव्याविरुद्ध सांभाळली असती तर दोन गुण जास्त. केरळविरुद्ध आघाडी टिकली असती तर तीन. चारचे दहा झाले असते. दहा गुण असलेल्या संघाबद्दल कुणी "हा या लीगच्या लायकीचा नाही" असं म्हटलं नसतं. खेळाडू तेच, कोच तोच, फक्त शेवटची मिनिटं वेगळी.

आणि हे एकदाच घडलं असतं तर नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण २७ नोव्हेंबरला बेंगळुरूविरुद्ध पुन्हा तेच. सेझार मान्झोकीच्या गोलने लवकर आघाडी, ८० व्या मिनिटापर्यंत पुढे. मग बदली म्हणून आलेल्या सुनील छेत्रीची पेनल्टी आणि अगदी शेवटी फ्लोरेंट ओजिएरकडून आपल्याच जाळ्यात गेलेला चेंडू. १-२. बिचाऱ्या ओजिएरवर त्या रात्री काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी शेवटी गोल का बसतात? लोक म्हणतात "मन कमजोर", "लढायची जिद्द नाही". आम्हाला हे पटत नाही. फुटबॉलमध्ये ७० व्या मिनिटानंतर बाकावर कोण बसलंय, यावर बरंच ठरतं. पाय जड झाले की खेळाडू चेंडूपर्यंत अर्धा सेकंद उशिरा पोचतो. तेवढं पुरेसं असतं. बचाव करणारा पाय टाकतो आणि फाउल होतो. बचावफळी हळूहळू मागे सरकते, मधली फळी तिच्याबरोबर मागे येत नाही, दोन्हींमध्ये मोकळी जागा तयार होते. मोठे क्लब नेमके त्याच वेळी ताजे, महागडे खेळाडू उतरवतात. बेंगळुरूच्या बाकावरून छेत्री उठतो. मोहम्मडनच्या बाकावर त्या तोडीचा कोण होता?

मग ही कमतरता कोच एकटा भरून काढू शकतो का? थोडीफार. बदली लवकर करता येतात, चेंडू पायाखाली ठेवून वेळ काढायला शिकवता येतं. आंद्रेई चेर्निशोव यांच्यावर ही टीका झाली आणि ती पूर्ण चुकीची नव्हती. पण याच माणसाच्या हाताखाली क्लबने आय-लीग जिंकली होती. सहा महिन्यांत कुणी फुटबॉल विसरत नाही.

गोल कुणी करायचे?

आमच्या मते खरं दुखणं मागे नव्हतं, पुढे होतं. मोसम संपला तेव्हा २४ सामन्यांत मोहम्मडनने ४३ गोल खाल्ले होते आणि केले होते फक्त १२. दोन सामन्यांत मिळून एक गोल. ज्या संघाला गोल होणारच नाही याची जवळपास खात्री असते, त्याच्या बचावावर दुप्पट ताण येतो. एक चूक झाली की सामना गेला, हे डोक्यात घेऊन नव्वद मिनिटं खेळून बघा. मग कीपर बदला नाहीतर सेंटर बॅक बदला, फरक फारसा पडत नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा ९ नोव्हेंबरचा. सॉल्ट लेकवर ईस्ट बंगाल. ईस्ट बंगालने तोवरचे सगळे सामने गमावलेले. अर्ध्या तासाच्या आतच नंदकुमार आणि महेश सिंग, दोघांना रेड कार्ड. म्हणजे तास-सव्वा तास अकरा विरुद्ध नऊ. आणि निकाल ०-०. त्या रात्रीचा संताप आम्ही समजू शकतो. आम्हीही मोबाईल आपटायच्या बेतात होतो. नऊ माणसं आपल्या पेनल्टी बॉक्ससमोर भिंत करून उभी राहिली की ती फोडायला दोन गोष्टी लागतात. बाजूने नेमका क्रॉस देणारा हवा आणि गर्दीत अर्धी संधी गोलात घालणारा हवा. मोहम्मडनकडे चेंडू होता, पण हे दोन्ही नव्हतं.

का नव्हतं, हे विचारायला हवं. २०२३ मध्ये कलकत्ता लीग आणि ड्युरंड गाजवणारा मिझोरमचा डेव्हिड लालह्लानसांगा मोहम्मडनचाच. तो २०२४ मध्ये ईस्ट बंगालला गेला. आय-लीगच्या वर्षी गोल करणारा होंडुरासचा एडी हर्नांडेझही पुढच्या मोसमात नव्हता. गोल करणारी माणसं गेली आणि त्यांच्या जागी आलेल्यांना नवी, जास्त वेगवान लीग समजून घ्यायची होती. खालच्या लीगमध्ये चेंडू थांबवून मान वर करून बघायला वेळ मिळतो. इथे तोवर दोघे अंगावर आलेले असतात. आयएसएलमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात आणि बहुतेक क्लब त्यातला मोठा पैसा आघाडीवर लावतात. जो क्लब तिथे स्वस्तात उरकतो, त्याला गुणतालिकेत किंमत मोजावी लागते.

पंजाब एफसीचं उदाहरण लोक देतात, ते योग्य आहे. आय-लीग जिंकून वर आलेला तो पहिला संघ. २०२३-२४ मध्ये त्यांनाही पहिल्या विजयासाठी डिसेंबर उजाडला. तरी मोसमाअखेर ते आठवे आले. फरक इतकाच, की त्यांच्या मागे उभं राहिलेलं पाठबळ मोसमाच्या मध्यात डळमळलं नाही.

पगाराची गोष्ट

इथे त्या बुजुर्गांचं म्हणणं आठवतं. मोहम्मडन हा सभासदांचा क्लब आहे. आयएसएलचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघत नाही, म्हणून गुंतवणूकदार आणावे लागतात. गुंतवणूकदार पैसा घालतो तो मालकीहक्कासाठी, म्हणजे शेअर्ससाठी. क्लबच्या जुन्या लोकांना वाटतं नाव, रंग, निर्णय आपल्या हातात राहावेत. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं. पण शेअर्स कुणाला किती, कधी, हा वाद लांबला की पैसा थांबतो. आणि पैसा थांबला की पहिला फटका पगारांना बसतो. मोहम्मडनमध्ये नेमकं हेच झालं. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. जानेवारी २०२५ च्या अखेरीस चेर्निशोव यांनी थकलेल्या पगाराचं कारण देऊन क्लब सोडला. काश्मीरच्या मेहराजुद्दीन वाडू यांनी उरलेल्या मोसमाची धुरा उचलली.

आता आपण स्वतःला विचारू. दोन-तीन महिने घरी पैसे पाठवता आले नाहीत तर आपण कामावर शंभर टक्के देऊ का? मिझोरमच्या किंवा मणिपूरच्या एखाद्या मुलाच्या पगारावर अख्खं घर चालतं. तो शनिवारी मैदानात उतरतो, चेंडू गमावतो आणि स्टँडमधून कुणीतरी आईवरून शिवी देतो.

पगार थकण्याचे परिणाम त्या मोसमापुरतेही राहत नाहीत. परदेशी खेळाडू किंवा कोच आपल्या थकबाकीसाठी थेट फिफाकडे जाऊ शकतो. फिफाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि क्लबने वेळेत पैसे भरले नाहीत, तर नव्या खेळाडूंची नोंदणी बंद होते. म्हणजे यंदा न दिलेला पगार पुढच्या वर्षी संघ बांधू देत नाही. हैदराबादचंच बघा. २०२१-२२ चा चॅम्पियन. पैशांचे वांधे झाले, पगार थकले, मोठे खेळाडू निघून गेले आणि २०२३-२४ मध्ये तोच क्लब तळाला होता. आपल्याला चार गोल घालणारा संघ स्वतः त्याच रस्त्याने गेलेला होता.

त्या बाटल्यांबद्दल

एक गोष्ट बोलायचं टाळता येणार नाही. २० ऑक्टोबरच्या केरळ सामन्यात स्टँडमधून बाटल्या आणि इतर वस्तू फेकल्या गेल्या, खेळ काही वेळ थांबवावा लागला. हे चूक होतं. "समोरच्यांनी डिवचलं" हे उत्तर नाही. काळ्या-पांढऱ्या जर्सीचा क्लब असं काही करतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी बातमीत क्लबचं नाव एकटं येत नाही, त्याच्याबरोबर अख्ख्या समाजावर बोट उठतं. हा न्याय नाही, हे आम्हालाही कळतं. बाकी क्लबच्या गर्दीनेही असले प्रकार केलेत आणि त्यांच्या धर्माची चर्चा होत नाही. पण वस्तुस्थिती ही आहे.

याची दुसरी बाजूही आपणच बघायला हवी. आपणही या क्लबवर समाजाची इज्जत लादतो. १९३४ मध्ये ते समजण्यासारखं होतं. २०२४-२५ मध्ये त्या जर्सीत मिझो मुलगा खेळला, मणिपुरी खेळला, अर्जेंटिनाचा, उझबेकिस्तानचा, घानाचा खेळला. त्यांना क्लबसाठी जिंकायचं असतं. आपल्या नव्वद वर्षांच्या आठवणींचं ओझं त्यांच्या खांद्यावर का टाकायचं? मिसपास हा मिसपास असतो. त्याला गद्दारी म्हणू नये.

टीका मात्र जरूर करावी, पण कुठे करायची ते कळलं पाहिजे. लेफ्ट बॅक सारखा पुढे जाऊन मागे जागा सोडतो, हे म्हणणं टीका आहे. तो सोडत असलेली जागा भरायला मधल्या फळीतून कुणी का येत नाही, हे विचारणं त्याहून चांगली टीका. आणि पगार कधी होणार, शेअर्सचा कागद कुठे अडलाय, पुढच्या मोसमासाठी स्ट्रायकरवर किती खर्च करणार, हे प्रश्न सभासदांनी क्लबच्या सभेत उभं राहून विचारायचे. तिथे हात वर करणारे फार थोडे दिसतात आणि स्टँडमध्ये ओरडणारे हजारो.

मोसमाचा शेवट असा झाला. २४ सामने, २ विजय, ७ बरोबरी, १५ पराभव, १३ गुण आणि तेरा संघांत तेरावा नंबर. आयएसएलमध्ये त्या वर्षी खाली घसरण्याची पद्धत नव्हती म्हणून क्लब लीगमध्ये राहिला. मात्र त्यातही ११ जानेवारीचा एक दिवस होता. बेंगळुरूत, कांतीरवावर, सामना संपत आला असताना कासिमोवने फ्री-किकवर गोल केला आणि मोहम्मडन १-० ने जिंकला. चारच दिवसांनी कोलकात्यात चेन्नईयनविरुद्ध दोन गोलांनी मागे पडलेल्या याच संघाने इंज्युरी टाइममध्ये दोन गोल करून २-२ अशी बरोबरी साधली. पगार थकलेले होते, कोच जाण्याच्या वाटेवर होता आणि ज्यांना "मन कमजोर" म्हटलं गेलं, ती हीच मुलं होती.